समेच्या आधीच उठलात: आमच्या गच्चीवरच्या पोरापोरींना खुलं पत्र

इंदूरच्या राजेंद्रनगरला आमच्या गच्चीवर दर रविवारी संध्याकाळी रॅप ऐकायला जमणाऱ्या सगळ्या पोरापोरींनो,

ताई पत्र लिहून राहिलीय म्हणजे रागावली आहे असं समजू नका. गच्ची तुमचीच आहे, चहा पण येत राहील. पण गेल्या रविवारी जे झालं ते आठवडाभर माझ्या डोक्यातून गेलं नाही, आणि हे फक्त तुमच्यापुरतं नाहीये, गाणी अशीच ऐकणारे लोक मला ऑफिसात भेटतात, नातेवाइकांत भेटतात, म्हणून सगळ्यांना वाचता येईल असं उघडच लिहितेय.

झालं काय, की मी किटली घेऊन वर आले तेव्हा तुमचा अमेरिकन रॅपर एमिनेमचा दुसरा ‘मार्शल मॅदर्स एलपी’ चालू होता (मार्शल मॅदर्स हे त्याचं खरं नाव). आधीच्या रविवारी पहिला, २००० सालचा, ऐकून झाला होता, आणि तो तुम्ही खरंच नीट ऐकला होता, मधे लाइट गेले तरी कोणी उठलं नव्हतं. या वेळी २०१३ चा सिक्वेल. आणि पाण्याच्या टाकीपाशी एक जण फोन हातात घेऊन बसलेला, दर गाण्याला मिनिट दीड मिनिट झालं की कोणीतरी म्हणायचं ‘चल नेक्स्ट’ आणि तो नेक्स्ट करायचा. पहिल्या गाण्याला, ‘बॅड गाय’ला, तेवढं तीन मिनिटं मिळाली. मी कप भरता भरता घड्याळ बघितलं होतं म्हणून सांगतेय, तीन मिनिटं आणि वर काही सेकंद. मग श्रीखंडाचा रिकामा डबा फिरला, चिठ्ठ्या पडल्या, दहापैकी चार, पाच, चार, एक तीन, आणि एका चिठ्ठीवर लिहिलं होतं ‘जुन्या नावावर नवा माल विकलाय’. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि तुम्ही गराडू, तो तळलेला कंद, खायला सराफ्याच्या खाऊगल्लीत निघून गेलात.

चार मार्क दिले त्याचं मला काही वाटलं नाही. हा अल्बम कोणाला चारचा वाटू शकतो, माझ्या मते तो सातचा आहे, आणि का ते पुढे सांगते. मला लागलं ते हे की ‘बॅड गाय’ सात मिनिटं चौदा सेकंदांचं आहे आणि तुम्ही ते तिसऱ्या मिनिटाला बंद केलं, आणि त्यातली मुख्य गोष्ट तोपर्यंत आलेलीच नव्हती.

आमचे आजोबा उस्ताद अमीर खाँसाहेबांच्या गाण्यासाठी वेडे होते. आपल्या इंदूरचं घराणं ज्यांच्या नावाने ओळखतात ते अमीर खाँ. त्यांचा तो अतिविलंबित झूमरा ताल, मात्रा चौदाच, पण समेवर, म्हणजे फिरून पहिल्या मात्रेवर, यायला इतका वेळ की लहानपणी मला वाटायचं गाणं बंदच पडलं. घरात आजोबांचा एक नियम होता, सम येईपर्यंत जागेवरून उठायचं नाही, मग कुकरची शिट्टी होऊ दे नाहीतर दारात कोणी येऊ दे. ‘बॅड गाय’ची सम चार मिनिटांच्या पुढे आहे. तुम्ही त्याच्या आधीच उठलात.

आता ती सम काय ते सांगते, आणि ज्यांनी अजून ऐकलं नाहीये त्यांनी आधी ऐकून या आणि मग पुढचं वाचा.

पहिल्या अल्बममधलं ‘स्टॅन’ तुम्हाला पाठ आहे, डायडोच्या आवाजातलं हुक तर परवा जिन्यात पण कोणीतरी गुणगुणत होतं. वेडा फॅन, पत्रावर पत्रं लिहितो, उत्तर येत नाही म्हणून शेवटी गाडी पुलावरून पाण्यात घालतो. त्यात एक ओळ आहे जिच्यावर २००० साली कोणी थांबलं नाही. स्टॅन तक्रार करतो की आम्ही तुझ्यासाठी कडाक्याच्या थंडीत चार तास उभे होतो आणि तू नाही म्हणालास, आणि माझ्याबरोबर माझा धाकटा भाऊ होता, सहा वर्षांचा. मॅथ्यू. बस, एवढंच, मग तो भाऊ गायब. तेरा वर्षांनी नवा अल्बम सुरू होतो, पहिलंच गाणं, आणि कोणीतरी रागाने बोलतोय, कोणाच्या तरी घराचा पत्ता शोधत गाडी फिरवतोय, आपल्याला वाटतं की ही एखादी सोडून दिलेली बाई असेल किंवा बाईला शोधत निघालेला माणूस असेल. आणि मग कळतं की हा तो मॅथ्यू आहे. सहाचा एकोणीस झालाय. एमिनेमला डिकीत घालून तसाच पाण्याकडे घेऊन चाललाय जसा त्याचा भाऊ गेला होता. मॅथ्यू मिचेल, मार्शल मॅदर्स, दोघांची आद्याक्षरं पण एकच, आणि हे तो स्वतःच बोलून दाखवतो.

आणि बुडवताना तो काय म्हणतो माहितीये? की बघ, लोकांनी विकत घ्यावा म्हणून जुन्या अल्बमचा सिक्वेल काढलास ना, ही घे पब्लिसिटी. म्हणजे डब्यात जी चिठ्ठी पडली, जिच्यावर तुम्ही टाळ्या वाजवल्या, तो आरोप या माणसाने आपल्या अल्बमच्या पहिल्याच गाण्यात, आपल्याला मारायला आलेल्या पोराच्या तोंडून स्वतःवर करून घेतलाय. त्यानंतर बीट बदलतो, सगळं गडद होतं, आणि एक आवाज त्याला सुनावतो, की तू ज्यांची टिंगल केलीस त्या सगळ्यांच्या वतीने मी आलोय, तुझं कर्म आहे मी, आणि तू तीच जुनी वीज परत बाटलीत भरायला बघून राहिलायस, आपल्याच चित्रात अडकलेला चित्रकार आहेस तू. समीक्षकांनी पुढे महिनाभर जे लिहिलं त्यातलं निम्मं त्याने आधीच म्हणून टाकलं होतं. हे ऐकून तुम्ही म्हणालात की नाही, तरीपण विकायलाच काढलाय, तर मी मान्य करीन. पण ऐकून म्हणा.

मला हे गाणं इतकं का लागतं ते सांगितलं नाही तर हे पत्र अर्धवट राहील.

२००० चा डिसेंबर. मी चौदाची, नववीत. वाढदिवसाचे पैसे जमवून जेल रोडवरून कॅसेट आणली होती, आईला सांगितलं होतं इंग्रजी सुधारायला आणलीय. घरात वॉकमन एकच. माझा धाकटा भाऊ तेव्हा सहा वर्षांचा, बरोब्बर सहा. मी या गच्चीवरच टाकीच्या सावलीत बसायचे आणि तो जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभा राहायचा, लोकरीची टोपी, नाक वाहतंय, आणि म्हणायचा ताई मला एकदा लाव ना, एकदाच. मी कधीच लावून दिलं नाही. लहान मुलांचं नाहीये, खाली जा. यात शिव्या होत्या म्हणून मी बरोबरच होते, पण खरं सांगू का, मी शिव्यांमुळे नाही म्हणत नव्हते, ते माझं होतं म्हणून नाही म्हणत होते. एकदा तो तिथे बराच वेळ उभा राहिला, थंडीत, काही न बोलता, आणि मग निघून गेला.

२०१३ च्या नोव्हेंबरात तो पुण्याला हॉस्टेलवर होता. रात्री दीडला फोन. मी घाबरलेच, एवढ्या रात्री कोण फोन करतं. म्हणाला, ताई, बॅड गाय ऐकलंस का. म्हटलं नाही अजून. म्हणाला, ऐक आणि मग मला फोन कर. मी अंधारात, बाकीचे झोपलेले म्हणून कानात घालून ऐकलं आणि फोन लावला, तर तो पहिलं वाक्य काय बोलला, ‘ताई, मॅथ्यू सहाचा होता ना, मी पण सहाच होतो.’ आणि मग म्हणाला, ‘तू मला त्या पायरीवर उभं ठेवायचीस.’ भांडायला नाही म्हणाला, नुसतं आठवण म्हणून म्हणाला. मला पुढे बोलता येईना. त्या रात्री आम्ही तासभर बोललो, इतकं आम्ही त्याआधी कधी बोललो नव्हतो.

हा सिक्वेल म्हणजे हे. पहिल्या अल्बममधे जो कोपऱ्यात उभा होता त्याच्याकडे तेरा वर्षांनी मान वळवून बघणं. बीट तसाच आहे का, मजा तेवढीच आली का, हा प्रश्न नंतरचा.

आता समीक्षकांबद्दल, कारण तुमच्यातल्या दोघातिघांनी ‘क्रिटिक्सनी पण झोपवला होता’ असं म्हटलं. नाही झोपवला. मेटाक्रिटिकवर, समीक्षकांच्या मार्कांची सरासरी काढणाऱ्या साइटवर, बघा, दुसऱ्या अल्बमचे मार्क १०० पैकी ७२ आहेत. आणि आज ज्याला तुम्ही सगळे दहापैकी दहा देता त्या पहिल्याचे किती आहेत? ७८. फरक सहाचा. म्हणजे २००० साली पण तो सगळ्यांनी डोक्यावर घेतला नव्हता. बऱ्याच जणांना तो किळसवाणा वाटला होता, २००१ च्या ग्रॅमीला समलिंगी लोकांच्या हक्कांसाठी काम करणारी संघटना ग्लाड बाहेर निदर्शनं करत होती आणि आत एमिनेम एल्टन जॉनबरोबर ‘स्टॅन’ म्हणत होता. तो अल्बम दहाचा झाला तो नंतर, वर्षानुवर्षं ऐकून ऐकून, लोकांनी आपल्या आयुष्याला तो चिकटवला म्हणून. तुम्ही पहिल्याला वीस पंचवीस वर्षांचं व्याज लावून मोजलं आणि दुसऱ्याला दीड मिनिटात.

विक्रीचं म्हणाल तर पहिला पहिल्या आठवड्यात अमेरिकेत १७ लाख ६० हजार गेला, दुसरा ७ लाख ९२ हजार. निम्म्याहून कमी म्हणून कोणी उड्या मारल्या, पण २०१३ पर्यंत कॅसेट सीडीचा धंदाच बसला होता, त्या वर्षी अमेरिकेत पहिल्या आठवड्यात याच्यापेक्षा जास्त फक्त जस्टिन टिंबरलेकचा अल्बम गेला. आणि ग्रॅमीला बेस्ट रॅप अल्बम पहिल्याला मिळालं तसं दुसऱ्याला पण मिळालं. अर्थात ग्रॅमी मिळालं म्हणजे चांगलंच असतं असं मी म्हणत नाही.

समीक्षकांचं जे म्हणणं होतं त्यातलं बरंचसं मला पटतं. अल्बम लांब आहे, सोळा ट्रॅक, सव्वा तासाच्या वर. निर्माता रिक रुबिनने जुन्या रॉकच्या सॅम्पलवर उभी केलेली ‘बर्झर्क’सारखी गाणी मला अंगावर येतात, दोनदा ऐकली की पुरे. ‘स्ट्रॉंगर दॅन आय वॉज’मधे तो गातो, आणि त्याने गाऊ नये. ‘रॅप गॉड’ची तुम्ही फक्त ती सुपरसॉनिक जागा लावलीत, पंधरा सेकंदांची, आणि सगळे ‘ओहोहो’ म्हणालात. ती जागा मला पण आवडते. अख्ख्या गाण्यात सहा मिनिटं चार सेकंदांत १,५६० शब्द, गिनीज बुकात नोंद आहे, जीभ कशी वळते याचं आश्चर्य वाटतंच. पण ते तानेसारखं आहे, तान ऐकून राग ऐकला असं होत नाही.

आणि त्याच गाण्यात समलिंगी लोकांना घातलेल्या शिव्या आहेत. एकेचाळीस वर्षांचा माणूस, दारू गोळ्या सोडलेला, मुलींचा बाप, आणि अजून तेच. काही लोक म्हणतात रॅपच्या बॅटलमधे, एकमेकांना टोमणे मारायच्या सामन्यात, तो शब्द तसाच वापरतात, त्याचा तसा अर्थ नसतो. मला नाही पटत. ज्याला शाळेत तो शब्द ऐकून मार खावा लागला असेल त्याला अर्थ समजावून सांगा जाऊन. तसंच ‘सो मच बेटर’, ज्यात सगळा वेळ ती बाई मेली तर बरं होईल हेच चाललंय. पहिल्या अल्बममधलं ‘किम’, बायकोच्या नावाचं, मी आजही पूर्ण ऐकू शकत नाही, पण ते ऐकताना निदान भीती वाटते, तो माणूस तुटलाय हे कळतं. ‘सो मच बेटर’मधे ती भीती पण नाही, नुसती सवय आहे.

डब्यात जी तीन मार्कांची चिठ्ठी होती ना, तिच्यामागे बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘बायकांबद्दल असं अजून किती दिवस ऐकायचं’. ती चिठ्ठी जिने टाकली तिला मी ओळखते, ती घरून सगळा अल्बम ऐकून आली होती, तिच्या वहीत गाण्यागाण्याचं लिहिलेलं होतं. सगळ्यात कमी मार्क तिचे आणि सगळ्यात जास्त ऐकलेलं तिनेच, आणि तिला कोणी विचारलं नाही की का गं तीन. तुम्ही गराडूचं ठरवत होतात. पुढच्या वेळी तिला आधी बोलू द्या.

कव्हर तुम्ही फोनवर एवढंसं बघितलं असेल. २००० च्या कव्हरवर तो डेट्रॉईटच्या ड्रेस्डेन स्ट्रीटवरच्या घराच्या पायऱ्यांवर बसलाय, त्याच घरात तो वाढला. २०१३ च्या कव्हरवर तेच घर आहे, पण खिडक्या दारं फळ्या मारून बंद, माणूस कोणी नाही. अल्बम आला ५ नोव्हेंबरला, आणि दोनच दिवसांनी त्या घराला आग लागली, महिना संपायच्या आत ते पाडून टाकलं. मागे नुसती रिकामी जागा उरली. आपल्याकडे रामबागेतले जुने वाडे पडून तिथे फ्लॅट झाले ते ज्यांनी बघितलंय त्यांना हे कव्हर वेगळं समजावून सांगायला नको. माझ्या आत्याचा वाडा तिथे होता, आता तिथे कारचं पार्किंग आहे, तरी ती त्या गल्लीतून जाताना अजून डावीकडे बघते.

‘हेडलाइट्स’ तुम्ही लावलंच नाही. लिस्टमधे खाली आहे म्हणून राहून गेलं, पण ते राहता कामा नये होतं.

आईवरून या माणसाने किती गाणी केली तुम्हाला माहितीये. १९९९ साली त्या बाईने, डेबी मॅदर्सने, मुलावरच बदनामीचा एक कोटी डॉलरच्या आसपासचा दावा लावला होता, २००१ मधे तो २५ हजारांवर मिटला. त्यानंतर २००२ मधे त्याने ‘क्लीनिन आउट माय क्लॉझेट’ काढलं, सगळ्या जगाने हात वर करून म्हटलं, मी पण म्हटलंय, आईशी भांडण झालं की दार लावून हेच. मग मधली वर्षं. जिवलग मित्र प्रूफ २००६ ला गोळी लागून गेला, किमशी दुसऱ्यांदा लग्न आणि दुसऱ्यांदा घटस्फोट, २००७ च्या शेवटी मेथाडोन या वेदनाशामक गोळ्यांच्या ओव्हरडोसने स्वतः मरता मरता वाचला. आणि २०१३ ला ‘हेडलाइट्स’. त्यात तो म्हणतो की ते जुनं गाणं मी आता शोमधे म्हणत नाही, रेडिओवर लागलं की मला कसंतरी होतं. आईला सॉरी म्हणतो. तू पण एकटीने वाढवायला धडपडत होतीस हे मला आता दिसतंय म्हणतो. पुढे २०१४ च्या मदर्स डेला त्याचा व्हिडिओ आला, स्पाइक ली ने केलेला, सगळा आईच्या नजरेतून दिसणारा.

मी हे गाणं आमच्या आईला समजावून सांगितलं होतं. ती ओट्यापाशी मेथी निवडत बसली होती, मी फोन डब्याला टेकवून ओळीओळीचं मराठीत सांगत होते. तिने काड्या एकीकडे पानं एकीकडे असं सगळं होईपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘गाण्यात सगळ्या जगाला सांगितलं, पण तिला जाऊन सांगितलं का?’

मी एवढी परीक्षणं वाचलीत, हा प्रश्न कोणी विचारलेला मी बघितला नाही. आणि तो गाण्याला बरोबर लागतो, कारण गाण्यातच तो म्हणतो की अजूनही आपण दुरूनच. माफी आहे आणि अंतर पण आहे, दोन्ही एकाच वेळी, आणि म्हणूनच ते गाणं गोडगोड होत नाही. डेबी मॅदर्स २ डिसेंबर २०२४ ला गेल्या. मी आईला बातमी सांगितली तर तिला नाव आठवेना, मग म्हणाली, ‘अगं, ती गाण्यातली का? गेली?’ आणि गॅस बारीक करून थोडा वेळ तशीच उभी राहिली.

तर माझं म्हणणं एवढंच आहे की सिक्वेलला एकटं ऐकता येत नाही. तुम्ही दोन रविवारांत दोन अल्बम ऐकले पण दोघांना एकमेकांशी बोलूच दिलं नाही. ‘पार्किंग लॉट’ नावाचं जे मिनिटभराचं बोलणं तुम्ही ‘गाणं नाहीये हे’ म्हणून पुढे ढकललं, ते पहिल्या अल्बममधल्या ‘क्रिमिनल’ गाण्याच्या मधल्या त्या बँक लुटायच्या प्रसंगाला जोडलेलं आहे. २००० मधे तो बँकेत घुसतो, आणि २०१३ मधे बाहेर येतो तर पळायची गाडी जागेवर नाही. तेरा वर्षं तो त्या बँकेतच होता असं समजा. आता सांगा, हे ‘क्रिमिनल’ आधी लावल्याशिवाय कोणाला कसं कळणार? स्वतः एमिनेमने पण तेव्हा सांगितलं होतं की प्रत्येक जुन्या गाण्याचं पुढचं गाणं असं काही मी केलेलं नाही, त्या काळाची आठवण, तो मूड, एवढंच धरलंय. मग कुठे धरलंय आणि कुठे सोडलंय ते शोधण्यातच तर खरी गंमत आहे.

तुमच्या लिस्टमधे पुढे रेकवॉन, नास आणि जे झी या रॅपरांचे असेच सिक्वेल आहेत असं कळलं. प्रत्येकाचं मोजमाप वेगळं ठेवा एवढं सांगते. रेकवॉनचा ‘क्यूबन लिंक्स’ १९९५ चा आणि दुसरा भाग २००९ चा, चौदा वर्षांनी आला आणि समीक्षकांनी उचलून धरला, कारण तो त्याच गल्लीत परत गेला आणि गल्ली त्याला अजून पाठ होती. नासने ‘स्टिलमॅटिक’ २००१ मधे काढला तो ‘मी अजून आहे’ हे सांगायला, ‘द सोर्स’ मासिकाने त्याच्या पहिल्या अल्बमला, ‘इलमॅटिक’ला, दिले होते तसेच त्याला पण पाचपैकी पाच माइक दिले, पण आज दोन्ही एका पंगतीला कोणी बसवत नाही, मग तेव्हाचे लोक चुकले का आत्ताचे, यावर एक संध्याकाळ घालवा. आणि जे झीचा ‘ब्लूप्रिंट २’ पहिल्यानंतर चौदा महिन्यांतच आला, दोन डिस्क, पंचवीस गाणी, आणि पुढच्याच वर्षी त्याने स्वतः त्यातली गाणी कमी करून एका डिस्कवर परत काढला. तिथे तुम्ही नेक्स्ट नेक्स्ट केलं तर मी काही म्हणणार नाही, त्याने स्वतःच केलंय.

येत्या रविवारी असं करूया. सहाला या, उशीर नको, थंडी आहे तर शाली घेऊन या, सतरंज्या मी टाकून ठेवते. चिठ्ठ्यांचा डबा शेवटी बाहेर काढायचा. आधी ‘स्टॅन’ आणि लगेच ‘बॅड गाय’. ‘क्रिमिनल’ आणि लगेच ‘पार्किंग लॉट’. ‘किम’ कोणाला ऐकायचं नसेल तर तेवढा वेळ खाली आईपाशी येऊन बसायला काही हरकत नाही, मी पण येईन. मग बाकीचा अल्बम सलग, ‘हेडलाइट्स’पर्यंत. फोन माझ्याकडे राहील. त्यानंतर चार द्या, दोन द्या, डब्यातली प्रत्येक चिठ्ठी ज्याची त्याने मोठ्याने वाचायची आणि का ते सांगायचं.

भाऊ पण येतोय शनिवारी पुण्याहून. त्याला सांगितलंय की ‘स्टॅन’ तू लावायचंस, पायरीवर उभं राहायचं नाही, टाकीपाशी माझ्या शेजारची जागा तुझी आहे.

तुमची,
गच्चीवाली ताई
राजेंद्रनगर, इंदूर